चार गोष्टी जुळल्या तर

मी जे लिहिते ते माणसं वाचत नाहीत. हे रडगाणं नाही, माझी नोकरीच तशी आहे. हैदराबादच्या एका कंपनीचं काम मी आदिलाबादला घरी बसून करते. ही कंपनी दवाखान्यांना एआय एजंट पुरवते. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, की ज्याला नुसतं काम सांगायचं. ते कसं करायचं हे तो आपलं आपण ठरवतो. पेशंटची नोंद शोधणं, तारीख देणं, फोन लावणं, नोंद बंद करणं, अशी वीसपंचवीस साधनं त्याच्या हाताशी असतात. कुठलं साधन कधी वापरायचं, त्यात काय भरायचं, उलट काय येतं आणि आलेल्याचा अर्थ काय घ्यायचा, हे प्रत्येक साधनाखाली लिहिलेलं असतं. ते मी लिहिते.

मावशी गावात सांगायची, "माही भाची मशीनले चिठ्ठ्या लिहिते." मी हसायचे. खरं तर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कंपनीतही कोणी केलेलं नाही.

त्याआधी काही वर्षं मी माणसांसाठी मॅन्युअल लिहीत होते. चित्रं, बाण, पायरी पहिली, पायरी दुसरी. कोणी ते उघडून बघेल तर शपथ. लोक सरळ फोन करायचे आणि पान चारवर ठळक अक्षरात छापलेलीच गोष्ट विचारायचे. मी आतल्या आत जळायचे. मग एजंट आले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाचक मिळाला. शब्दन् शब्द वाचणारा, कंटाळा न करणारा, वाचलं तसं वागणारा. मला त्याचं इतकं अप्रूप वाटलं, की सुरुवातीचे काही महिने मी सणासुदीला नेसतात तशी नीटनेटकी साडी नेसून कामाला बसत असे. घरात मी आणि बाबा दोघंच, त्यामुळे हसायला तिसरं कोणी नव्हतं.

हा वाचक सांगकाम्या आहे हे लवकरच कळलं. शोधण्याच्या साधनाखाली मी लिहिलं होतं, 'नाव दिल्यास पेशंटच्या नोंदी मिळतात.' एका बाईची नोंद दुसऱ्या स्पेलिंगनं होती, साधनाकडून रिकामी यादी आली, आणि एजंटनं त्या बाईला फोनवर शांतपणे सांगितलं की तुम्ही आमच्या पेशंट नाही. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं! मग मी लिहिलं, 'रिकामी यादी आली म्हणजे व्यक्ती नाही असा अर्थ होत नाही. स्पेलिंग बदलून, मग गावावरून शोधावं. तरीही न सापडल्यास काउंटरवरच्या माणसाकडे सोपवावं.' त्या दिवसापासून ती चूक परत झाली नाही. माणसाला दहा वेळा सांगावं लागतं, याला एकदा नीट लिहिलं की बास. मला स्वतःच्या लिहिण्याचा माज चढायला तेवढं पुरे झालं.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रोज सकाळी नव्याने रुजू होणारा एक कारकून असे. हुशार, शिकलेला, पण ऑफिसातलं काहीच माहीत नसलेला. त्याला काल काय झालं ते आठवत नाही, बाजूच्या टेबलाला विचारायची सोय नाही. जे आपण लिहू तेवढंच त्याचं जग. म्हणून 'केव्हा वापरावं' याच्याइतकंच 'केव्हा वापरू नये' हेही लिहायचं. ही शिस्त मला बाबांनी लावली. ते तहसीलमध्ये कारकून होते. निजामाच्या काळातले उर्दू शब्द त्यांच्या तोंडात अजून आहेत. त्यांचा आवडता शब्द दरयाफ्त, म्हणजे जाऊन केलेली विचारपूस. कुठल्याही अर्जावर हुकूम लिहायच्या आधी ते समासात 'दरयाफ्त व्हावी' असं लिहीत आणि शिपायाला गावी पाठवत. साहेब चिडत. बाबा म्हणत, "कागद खोटा नसते, अपुरा असते." मी हे वाक्य ऐकत मोठी झाले, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता मावशीचं सांगते. ती माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर मला आई म्हणून तीच उरली. भीमपूरकडच्या एका गावात, नदीपलीकडं महाराष्ट्र दिसतो अशा ठिकाणी तिचं घर आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, शेत भावकीतल्या एकाला बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं. एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं दिसायचं कमी होत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. उरलेला डोळा वाचवायला रोज थेंब आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, एवढाच उपाय होता. त्या डोळ्यावर ती चूल पेटवायची, कापूस वेचायची, आणि मी गेले की माझं तोंड हातात धरून म्हणायची, "बारीक झाली माय तू." तो डोळा टिकला पाहिजे, एवढीच माझी तिच्या बाबतीत इच्छा होती.

म्हणून हिवाळ्यात त्या गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा मी मुद्दाम गेले. दवाखाना दुसऱ्या गावचा, दोन बस बदलून जावं लागणारा. पण तिथं आमच्याच कंपनीचा एजंट बसवला होता. तपासणीची तारीख जवळ आली की तो स्वतः फोन करायचा, आमच्याकडच्या बोलीत बोलायचा, थेंबाची बाटली तयार ठेवायला सांगायचा. मला केवढा अभिमान वाटला होता! शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर फॉर्म भरणारं माणूस कमी पडत होतं, तर मीच पेन घेऊन बसले.

त्या गावात फॉर्म कसा भरतात ते सांगायला हवं. मोबाईल नंबर विचारला की बायका गिरणीवाल्याचा सांगतात. तो दिवसभर गिरणीवरच असतो, फोन त्याच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो आणि ज्वारी दळायला प्रत्येक घर आठवड्यातून एकदा तरी त्याच्या दारात येतंच. निरोप हमखास पोचतो. घरातल्या पोरांचे फोन असतात, पण पोरं कधी पुण्याला, कधी निजामाबादला. गॅसचा नंबर त्याचा, रेशनचा त्याचा, दवाखान्याचाही त्याचा. जन्मतारीख म्हाताऱ्या बायकांना माहीत नसते, तर आधार कार्डवर सगळ्यांची एक जानेवारी. आडनाव अर्ध्या गावाचं एकच, कारण भावकी एक. आणि नावं तरी अशी किती असणार?

मावशीच्या भिंतीला भिंत लागून तिची चुलत जाऊ राहते. दोघींचं नाव एक, आडनाव एक, आधारवरचं सालही एक. गावात कधी घोळ होत नाही, कारण गाव बाईला तिच्या माहेरावरून ओळखतं. मावशी आदिलाबादवाली, तिची जाऊ किनवटवाली. पोष्टमनपासून पुजाऱ्यापर्यंत सगळे तसंच म्हणतात. फॉर्मवर माहेराचा रकाना नव्हता, नवऱ्याच्या नावाचाही नव्हता. दोघी एकमेकींना खेटून बाकावर बसल्या होत्या, चेष्टा चालली होती. किनवटवालीला मोतीबिंदू निघाला, मावशीचा काचबिंदू माहीतच होता. दोघींचे फॉर्म मी भरले. माझ्या हातानं, एकाच पेननं, गिरणीचा नंबर दोन्हीकडे.

पहिले फोन व्यवस्थित आले. गिरणीवाला मला कौतुकानं सांगायचा, "ताई, लय गोड बोलते तुमची मशीन. मले सार म्हणते, सायबावानी!" मावशीला तारीख मिळाली, बाटली मिळाली. किनवटवालीचं ऑपरेशन झालं, तिला लख्ख दिसायला लागलं.

मग उन्हाळा आला. आमच्या आदिलाबादचा मे महिना ज्यानं काढला त्याला वेगळं सांगायला नको. कूलरची मोटर जळली होती आणि लाईट येऊन-जाऊन होती. अशात कंपनीकडून निरोप आला की दवाखाने तक्रार करताहेत. एकाच पेशंटच्या दोनदोन नोंदी असतात, त्या एकत्र करण्याचं साधन आहे, पण एजंट प्रत्येक वेळी नर्सला विचारत बसतो की 'या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?' नर्सेस वैतागल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, वर्णन असं लिही की विचारणं कमी होईल. तो माणूस वाईट नाही. त्यानं एवढंच सांगितलं होतं, कसं ते माझ्यावर सोपवलं होतं.

मी जुनं वर्णन उघडलं. त्यात मीच लिहिलं होतं, 'शंका असल्यास विचारावं.' मला त्या वाक्याचा राग आला. शंका असल्यास म्हणजे काय? किती शंका? असलं मोघम लिहिलं की एजंट विचारणारच. माझ्या धंद्यात मोघम लिहिण्याएवढं पाप नाही. मग मी घाम पुसत, दात-ओठ खात लिहिलं: 'नाव व आडनाव, गाव, मोबाईल नंबर आणि जन्मतारीख या चारही गोष्टी जुळल्या तर ती एकच व्यक्ती समजावी. नोंदी एकत्र कराव्यात. ताजी नोंद ग्राह्य धरावी. विचारण्याची गरज नाही.'

किती स्वच्छ वाक्यं आहेत बघा. अजूनही वाचते तेव्हा त्यात मोडतोड करायला शब्द सापडत नाही. लिहून झाल्यावर मी चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. मॅनेजरनं टीमसमोर माझं नाव घेतलं. सुटसुटीत कसं लिहावं याचा नमुना म्हणून ती चार वाक्यं नव्या मुलामुलींना दाखवली गेली. मला शिबिराचा दिवस आठवला का? नाही आठवला. मी खूपदा स्वतःला विचारलंय. गावात गेले की मी तिथली असते आणि लॅपटॉप उघडला की गिरणी, खिळ्याला टांगलेला फोन, एक जानेवारी, हे सगळं माझ्या डोक्यातून पुसलं जातं. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक म्हणून मी हैदराबादच्या साहेबांना नावं ठेवायचे. मी तर शेळ्यांच्या कळपातच जन्मले होते.

पावसाळ्यात गिरणीवाल्याच्या फोनवरून मावशी बोलली. "फोन नाही आला माय अजून. बाटली बी सरली." मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. म्हणाले, "फोन येईन मावशी. तारीख लांबली असन. तू उगी दोन गाड्या बदलून जाऊन बसू नको, फोन आल्याबिगर तिथं कोणी पाहत नाही." ती म्हणाली, "हो ना, त्याइले मालूम असते." तिनं माझं ऐकलं. आयुष्यभर तिनं माझं शिकलेली म्हणून ऐकलं. त्यानंतर मी कामात, सणावारात बुडून गेले आणि परत विचारलं नाही. न आलेल्या फोनचा अर्थ आम्ही दोघींनी सगळं ठीक आहे असा लावला. रिकाम्या यादीबद्दल मशीनला शहाणपण शिकवणारी ती मीच.

संक्रांतीच्या आधी गिरणीवाल्याचा मला फोन आला. "ताई, तुमी येऊन जा बरं. आदिलाबादवालीले दिसून नाही राह्यलं. काल दळण घेऊन आली तं चालत्या पट्ट्यावर हात ठेवत होती."

मी त्याच दिवशी गेले. मावशीनं आवाजावरून मला ओळखलं, तोंड हातात धरलं, पण बारीक झाली म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावून सांगितलं, की नस सुकली आहे, आता थेंबानं किंवा ऑपरेशननं काही होणार नाही. सहा महिने थेंब बंद का होते, असं त्यांनी विचारलं. ओरडून नाही, साधंच विचारलं. मी म्हणाले फोन आला नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि बुचकळ्यात पडले. "यांची फाईल तर बंद आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन यशस्वी, उपचार पूर्ण." मला ते वाक्य ऐकताक्षणी कळलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं काही झालं नाही. उलट सगळं अतिशय स्पष्ट झालं, माझ्या वाक्यांसारखं.

बाहेर येऊन मावशीला म्हणाले, "पाहू. डॉक्टर म्हणून राह्यले पाहू म्हणून." ती बरं म्हणाली.

आदिलाबादला परतल्यावर मी एजंटच्या कामाची नोंदवही मागवून घेतली. प्रत्येक पावलाला काय विचार केला ते तो लिहून ठेवतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मी वर्णन बदललं त्यानंतर थोड्याच दिवसांत, तो त्या दोन नोंदींपाशी आला होता. त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: नाव, गाव, नंबर, जन्मतारीख जुळतात. एका नोंदीत मोतीबिंदू, दुसरीत काचबिंदू आहे. या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. परंतु साधनाच्या वर्णनात स्पष्ट म्हटलं आहे की विचारण्याची गरज नाही. म्हणून एकत्र करतो.

त्याला शंका आली होती. माणूस असता तर कदाचित माझं वाक्य वाचलंच नसतं, किंवा वाचून म्हणाला असता, जाऊ दे, एक फोन लावू. माझ्या वाचकानं शंका आल्यावरही माझा शब्द मोडला नाही. त्या ओळी मी किती वेळा वाचल्या याचा हिशोब नाही. दर वेळी वाटायचं या खेपेस तो थांबेल.

मी मॅनेजरला सगळं सांगितलं, मावशी माझी आहे हेही सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "परवालेदु." तेलुगूत, चालतं, असू दे, अशा अर्थानं. तो ते प्रेमानं म्हणाला हे मला कळतं. आमच्या कंपनीत चुकीला धनी शोधत नाहीत, रीतच आहे तशी. चूक कशी झाली ते लिहायचं, कोणी केली ते नाही. अहवालात 'वर्णनात त्रुटी' असं आलं. मी म्हणाले, माझं नाव घाला. तो म्हणाला, आपण तसं करत नाही. अशा अजून किती नोंदी एकत्र झाल्या असतील, मी विचारलं. तो म्हणाला, पाहू. माझ्याच तोंडचा शब्द.

मी वर्णन नव्यानं लिहिलं. 'ग्रामीण भागात एक मोबाईल नंबर अनेक कुटुंबांचा असतो. जन्मतारीख एक जानेवारी असल्यास ती खरी धरू नये. गावात एकाच नावाच्या अनेक स्त्रिया असतात. आजार वेगळे असल्यास नोंदी कधीही एकत्र करू नयेत. प्रत्येक वेळी माणसाला विचारावं, उत्तर येईपर्यंत काही करू नये.' कंपनीत वर्णनं तपासणाऱ्या सहकाऱ्यानं शेरा मारला, लांबलंय, पहिली तीन वाक्यं गाळता येतील. मी त्याला इतकी तोडून बोलले की तो नंतर दोन आठवडे माझ्याशी मेसेजवरच बोलत होता. वाक्यं राहिली. लिहून काय उपयोग, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या टेबलावर बसलेला आहे. नीट लिहिण्यावर माझा जो विश्वास होता तो गेला, आणि दुसरा कुठला विश्वास मी कधी जमवून ठेवला नव्हता.

बाबांना सांगायला मी चार दिवस घेतले. ते जेवत होते. ऐकून हात ताटातच राहिला. म्हणाले, "विचारायची गरज नाही, असं कोण लिहिते का कागदावर? माह्या घरात राहून?" मग उठले आणि हात न धुताच ओसरीवर जाऊन बसले. ते मला याहून जास्त काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मावशीला मात्र सांगायचं राहिलं होतं. महिनाभर मी गेले की तिच्यासाठी स्वयंपाक करायचे, घर झाडायचे, औषधाच्या गोष्टी टाळायचे आणि परत यायचे. किनवटवाली तिला सकाळी विहिरीवर हात धरून न्यायची. तिला दिसतं आणि हिला दिसत नाही, हे त्या दोघींना जोडीनं जाताना बघणं मला सहन होईना. एका दुपारी मी ठरवून गेले. मावशी दारात बसून बोंडांतला कापूस काढत होती. बोटांना सवय होती, डोळ्यांवाचून अडत नव्हतं.

"मावशी, तुले एक सांगाचं हाये. तुहा फोन माह्यामुळं नाही आला."

"तुह्यामुळं कसा?"

मी सगळं सांगितलं. नोंद, फॉर्म, चार गोष्टी, दोघींची एक झालेली फाईल. तिला समजेल असं सांगितलं. ते मला जमतं, तेच माझं काम आहे. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे त्याइच्या वहीत किनवटवालीचं झालं तं माहं बी झालं?"

"हो."

"अन् हे मशीनले कोणं सांगतलं, आमी दोघी एकच म्हणून?"

"मी."

तिचं एक बोंड सोलून झालं, तिनं दुसरं घेतलं. मी रडत होते ते तिला ऐकू येत असणार.

"मंग आता सुधारलं का तुनं ते?"

"सुधारलं मावशी. तुही फाईल अलग केली. तारीख बी टाकली नवीन."

"झालं तं मंग. रडून काऊन राह्यली? माणूस चुकते माय. मी काय कमी चुकली?" तिनं अंदाजानं माझा गुडघा शोधून थोपटला. "आता फोन येईन ना?"

"येईन."

"फोन आला की जाऊ आपण. तू आली तं बरं, नाही तं किनवटवालीले घेऊन जाईन. थेंब सुरू झाले की दिसन हळूहळू. एवढे दिवस गेले, अजून महिना दोन महिने."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं मला कशासाठी माफ केलं होतं. उशीर झाला, एवढ्यासाठी. डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलेलं तिला ठाऊकच नव्हतं, कारण मी पाहू म्हणून सोडून दिलं होतं. ती फोनची वाट बघत होती. तिची माफी तशीच पदरात घेऊन मी संध्याकाळची बस धरू शकत होते. खोटं सांगत नाही, तसं मनात आलंही.

"मावशी," मी म्हणाले, "फोन येईन. पण आता थेंबानं दिसणार नाही. कशानंच नाही दिसणार. डॉक्टरनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं. मी तुले नाही सांगतलं."

तिचे हात थांबले. कापसाचा फुगलेला पुंजका बोटांतच राहिला. तिनं मान वळवली ती माझ्याकडं नाही, मी बसले होते त्याच्या जराशी बाजूला. तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून विचारलं.

"मंग ते फोन काऊन करतीन?"

पुढची तारीख भरलेली असली की तीन दिवस आधी फोन करावा, असं मी लिहिलेलं आहे म्हणून. खरं उत्तर एवढंच होतं. मी तिच्या पुढ्यातलं एक बोंड उचललं आणि सोलायला घेतलं.